कारभारी

रजिस्टरवर पेन थांबलं.
"कुत्र्याचं नाव विचारलं, काका."
"तेच सांगून राह्यलो. कारभारी.
घरचं सारं तोच पाह्यते."
बाकावरचा पामेरियनवाला हसला.
कारभाऱ्याने मान उचलली नाही.

भाद्रपदात नाग नदी जगनाडे चौकामागच्या गल्लीत शिरली,
दोन रात्री मुक्काम केला,
जाताना उंदरांची बिऱ्हाडं ठेवून गेली.
अंगणातल्या खळग्यात जे पाणी उरलं
ते हा प्यायला.
आठव्या दिवशी याने उठणं सोडलं.

डॉक्टर चांदेकरांनी ओठ उलटला: हिरड्या हळदीच्या.
कंबरेवर बोट टेकवलं तर कण्हला.
क्रिएटिनिन सात पूर्णांक दोन.
कानात दोन गोचीड सापडले, म्हणून
गोचिडाच्या तापाची पट्टीही लावली. एकच रेघ.
उरली लघवी. एक थेंब,
निवायच्या आत काचेवर.

त्या भिंगाखाली अमावस्या असते
आणि अमावस्येत ते पोहतात,
पिळाचे, चांदीचे, टोकाला आकडी घेतलेले.

"म्या पाहू?"
नियमात बसत नाही. मी स्टूल सरकवलं.
चाळीस वर्षं माग चालवलेले पराते काका
एक डोळा मिटून बसून राहिले.
"ताण्याचा धागा तुटला का अशीच आकडी घेते.
पण तुटलेलं सूत चालत नाही बापा.
हे चालून राह्यलं."

मूत्रपिंड म्हणजे गाळणी, असं सांगणार होते,
म्हटलं, तुमच्या मागाची फणी समजा,
लाखो बारीक दाते.
हे त्यात जाऊन बसतात. मग
राहायचं ते निसटतं,
जायचं ते रक्तातच फिरत राहतं.
काका म्हणाले, "कापड बिघडते."

पेनिसिलिन टोचलं. सलाईन लागली.
त्याला धरायला हातमोजे दिले तेव्हा दिसले
त्यांचे हात, गाळ उपसून भेगाळलेले,
आणि मग डोळे, लाल.
"घरात कोणाला ताप?"
"नाही."
"तुम्हाला?"
नळीत थेंब पडत होते. मी सहा मोजले.
"परवापासून. पोटऱ्या लय दुखतात."
"मेयोत जा. आत्ताच. ही चिठ्ठी दाखवा."
"याचं पाहून घ्या आधी."
"याचं मी पाहते."
तरी उठेनात. शेवटी चांदेकर ओरडले,
जे ते कुत्र्यांवरही ओरडत नाहीत.

मग नऊ दिवस वॉर्डातून फोन,
रोज सकाळी, रोज एकच प्रश्न:
"मुतला का?"
चौथ्या दिवशी म्हटलं, "हो काका, दोनदा."
पलीकडे थोडी शांतता.
"म्या बी."

दिवाळीनंतर दोघं आले.
काका बरे, फक्त शर्ट ढगळ झालेला.
कारभाऱ्याचा आकडा दोन पूर्णांक आठवर अडलेला,
याखाली उतरणार नाही, डॉक्टर म्हणाले.
किती दिवस, हे काकांनी विचारलं नाही.
लसीची तारीख विचारली
आणि पथ्याच्या डब्याची किंमत,
दोनदा.

बाहेर कडुलिंबाशी कारभाऱ्याने पाय वर केला.
धार पाण्यासारखी, रंग नसलेली,
संपता संपेना.
काकांनी तोंड दुसरीकडे फिरवलं,
घरातल्या मोठ्या माणसासाठी फिरवावं तसं.
मी ब्लीचिंगची बादली घेऊन
दारातच थांबले.