हलवू नका

तिसऱ्यांदा सुर्वे वॉचमन धावत आला:
"मॅडम, सिलिंडर गळतोय!"
गळत नव्हता.
तो वास माझ्या थायॉलचा.
सहा दिवस शिजवलं; पहिल्या टप्प्यात पिवळं चिकट काहीतरी,
दुसऱ्यात हाती शून्य,
शेवटी चमचाभर पांढरा, मेणचट चुरा.
शंभरातले अकरा उतरले. वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.

फरीदाचे अब्बा डबा द्यायला आले तेव्हा
नाकाला रुमाल लावून विचारत होते, हे नक्की काय?
मुकादमचाचांनी माझगावच्या कोरड्या गोदीत
एकतीस वर्षं जहाजांचे तळ खरवडले,
बारीक पांढऱ्या टोप्या, समुद्राच्या, पत्र्याला घट्ट बसलेल्या.
त्यांना मी कागदावर काढून दाखवलं:
हे डोकं, गंधकाचं, सोन्याला धरून बसतं.
हा कणा, सोळा कार्बनांचा.
आणि हे टोक, बाहेर तोंड करून.
टोक मी बांधलंय
पाण्याला जवळ घेणारं,
पण पागडी मोजली तरी कुणाला
बिऱ्हाड करू न देणारं.

"आणि यांना ओळीत उभं कोण करतं?"
कुणीच नाही, चाचा.
काचेवर सोन्याचा वर्ख चढवायचा,
द्रावणात बुडवायचा, झाकण लावायचं,
चिठ्ठी चिकटवायची: हलवू नका.
रात्रभर ते आपापलं सरकतात,
शेजाऱ्याला चाचपतात, सगळे एकाच बाजूला
तीस अंशांत कलतात.
सकाळी थर तयार. डोळ्यांना दिसत नाही.
मुकादम माझ्याकडे बघत राहिले,
पगार मिळतो ना वेळेवर, एवढंच म्हणाले.

माझ्या बोटांचा वास आठवडाभर गेला नाही.
बसमध्ये शेजारची बाई उठून पुढे गेली.

मग ट्रॉम्बेच्या जेट्टीला दोरीने
आठ काचा खाडीत सोडल्या,
चार कोऱ्या, चार माझ्या.
वीस दिवसांनी ओढून काढल्या तेव्हा
कोऱ्या काचा देवीचे व्रण उठल्यासारख्या.
माझ्या, गाळ धुतल्यावर, स्वच्छ.
तीन.

चौथीच्या कोपऱ्यात,
जिथे घाईत माझा चिमटा घसरला होता,
ओरखड्यात नेमका,
एक. मोहरीएवढा.

चाचांनी काच उन्हात धरली,
अंगठ्याचं नख त्याच्या कडेला लावलं, सवयीने,
आणि खरवडलं मात्र नाही.
"बघ," म्हणाले, "अख्ख्या खाडीत
याला बरोब्बर दार सापडलं."