वाढ नाही

लग्नाला सहा दिवस झाले होते ती रुजू झाली तेव्हा.
ऋतिका कोळपकर, आयसीयू, चौथा मजला,
खिडकीतून म्हात्रे पुलाचं एक टोक
आणि मुठेचं काळं पाणी.
दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरलेले.

मी म्हटलं, कोपराखाली काही चालत नाही इथे.
घड्याळ नाही, गंडा नाही, अंगठी नाही.
मेंदी चालेल. ती जाईलच धुऊन,
दिवसाला साठ वेळा.
ती रडली वगैरे नाही. एवढंच विचारलं,
"सासूबाईंना काय सांगू?"
याचं उत्तर कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

साबण लावून, बोटं आवळून, एकेक काढली.
एक वाढली.
आपण फुटली म्हणत नाही.
किडनी ट्रेमध्ये काच वाजली
आणि आम्ही दोघी उगाच दाराकडे बघितलं,
कुणी ऐकलं का म्हणून.

बावीस वर्षं मी हात मोजते.
खांबाआड उभी राहून वहीत खुणा करते:
शिवण्याआधी धुतले का, शिवल्यावर धुतले का,
पडद्याला हात लावून तोच हात नळीला लावला का.
डॉक्टर रास्ने पेन खिशात ठेवतात, नाडी बघतात, पुन्हा पेन.
मी खोकते.
हल्ली त्यांना खोकला कळतो.
रोज सकाळी प्रत्येक उशाशी एकच प्रश्न:
ही लाईन अजून लागते का?
"काल विचारलंत की, सिस्टर."
काल लागत होती. आज विचारतेय.

मार्चमध्ये चार नंबरला वाढलं होतं.
सुहृद, एकोणीस वर्षांचा, नवले पुलाच्या उतारावरून
हाडांचा चुरा घेऊन आला, आणि वाचला.
ट्रकपासून वाचला.
गेला तो गळ्याजवळच्या त्या बारीक नळीने,
जी शुक्रवारीच काढता आली असती.
शनिवार-रविवार मी रजेवर. भाचीची मुंज.
वहीची ती दोन पानं कोरी आहेत.
फाडलेली नाहीत.

आता सहा नंबरला तांबोळीचाचा,
मार्केट यार्डात कांद्याच्या गोणी वाहिलेले खांदे.
व्हेंटिलेटरचा अकरावा दिवस.
उशाकडची बाजू उचललेली, दर पाळीला तोंडाची सफाई,
आणि ऋतिका, मनगटं उघडी,
बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, नखांची टोकं,
कुणी बघत नाही असं समजून
सावकाश चोळतेय.
खूण करायला पेन उचललं, आणि तसंच धरून राहिले.

परवा ताप आला होता त्यांना.
दोन दिवस मी फोनपासून हलले नाही.
आज लॅबमधला जोंधळे नेहमीच्या झोपाळू आवाजात म्हणाला,
"सहा नंबर, ब्लड कल्चर, वाढ नाही."

पेढे कुणी वाटले नाहीत.
न झालेल्या आजाराचं बारसं कोण करणार?
चाचांची बेगम लिफ्टपाशी डबा घट्ट धरून उभी होती,
तिला सांगितलं, ठीक आहे.
एवढंच सांगण्यासारखं होतं.

पाळी सुटल्यावर लॉकरपाशी
गॉजच्या पुडीतून ऋतिका चुडा परत चढवते.
डावा हात पुरा.
उजव्यात एक कमी.