टाच

शुक्रवारी मिस्सा, शनिवारी शाळा.
मुहर्रकच्या विमानतळामागे पिवळ्या भिंतीची,
दारात दोन खजुरी आणि एक उतरण.
उतरणीचा कठडा पास्कोलनं आणि मी बसवला,
तेव्हा वेल्डिंगच्या ठिणग्यांना
मुलं काचेआडून टाळ्या देत होती.
ज्यांना टाळी जमत नाही, ती मांडीवर हात आपटत होती.

अन्नम्मा नर्स. रात्रपाळी उरकून थेट येते
आणि डुलकी लागू नये म्हणून बसतच नाही.
मारितेस कुणाच्या तरी घरी राबते,
तिला महिन्यात दोन शनिवार सुटतात,
दोन्ही इथं घालते.
मी एसीवाला, गाव निर्मळ, तालुका वसई.

बदरिया आबलांनी पहिल्या दिवशीच सांगितलं,
इथं येशूविषयी बोलायचं नाही.
बरं, म्हटलं.
आणि मुलांना उचलताना कमरेतून वाकायचं नाही,
गुडघ्यांवर बसायचं.
गुडघ्यांची आम्हाला सवय होतीच.

मला बोलावलं होतं स्क्रू पिळायला,
खुर्च्यांची चाकं, गळका कूलर.
एके दिवशी आबलांनी माझ्या हातात
एक पाऊलच दिलं.
"तुझे हात थरथरत नाहीत," एवढंच म्हणाल्या.

गालिया. साडेचार वर्षं.
पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात,
टाचा जमिनीला ठाऊक नाहीत.
मोजा काढायचा. पाऊल तळहातावर घ्यायचं.
मग थांबायचं.
घाई केली की पोटरीचा दगड होतो.
थांबलं, की कुठून कोण जाणे
आतून काहीतरी सैल होत येतं,
आणि टाच उतरते,
तीळ तीळ.
तेवढ्यात प्लास्टिकच्या बुटाचा पट्टा ओढायचा.
ती छताकडं बघत असते.
तिथं पंखासुद्धा नाही. तरी हसते.

घरून सुकेळी आली होती, पानात बांधलेली,
आईच्या हातची शेवटची.
मी ऐटीत पुढं केली.
अन्नम्मा म्हणाली, हिला गिळता येत नाही, वेड्या.
मारितेसनं दुधात भिजवून, कुस्करून, गाळून
चमच्याच्या टोकावर दिली.
गालियानं तोंड वाकडं केलं,
मग ओठ मिटले,
मग अजून मागितली. डोळ्यांनी.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
गाळून? सुकेळी गाळून?
आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पवित्र गुरुवारी पाय धुवायच्या बारा जणांत
फादरनी माझं नाव घातलं.
नको नको म्हटलं, ऐकेनात.
माझ्या टाचा म्हणजे गच्चीवरचे तापलेले पत्रे,
भेगांत मुरलेलं काळं तेल.
आदल्या रात्री बाथरूममध्ये दगडानं घासत बसलो,
बाहेरून पास्कोल ओरडला,
"नवरदेव, आटपा!"

बाकावर अकरावा मी.
फादर वाकले, त्यांचेही गुडघे कुरकुरले.
त्यांनी पाऊल धरलं आणि मी ते आखडून घेतलं.
पोटरीचा दगड.
एवढ्या माणसांसमोर,
कुणी माझं काही धरावं, धुवावं,
हे मला कुठं शिकवलंय कुणी?

त्यांनी ओढलं नाही.
थांबले.
मी वर बघितलं. छत, एक ट्यूबलाइट, तिच्यात मेलेले किडे.
आणि एकदम हसूच आलं मला,
शेजारचा दचकला.
टाच उतरली.
पाणी कोमट होतं.

परवाच्या शनिवारी शाळेत गेलो
तर गालियाच्या डाव्या बुटाचा पट्टा उखडलेला.
माझ्याकडचा रिव्हेट आखूड पडला.
विमान उतरत होतं,
बहिऱ्या हमदनं खिडकीला तळवा लावून
सगळ्यांना बोटानं सांगितलं: आलं.
मी पट्टा सध्यापुरता दोऱ्यानं शिवला
आणि गालियाला मराठीतच म्हटलं,
घाई नाही गं.
घाई नाही.