भारांक

सकाळी आठपर्यंत तक्ता पाठवायचा आहे.
पाच शहरं उभी, अकरा निकष आडवे,
आणि प्रत्येक निकषाला भारांक.
बेरीज शंभर भरली पाहिजे,
मग माणसं इकडची तिकडे झाली तरी चालेल.

मालाडच्या खाडीलगत, सहाव्या मजल्यावर,
मी मनीलाला इंग्रजीचे नऊ देतो.
ढाक्याला पगाराचे साडेनऊ:
पगार जितका कमी तितके गुण जास्त.
सूत्र मी बसवलेलं नाही,
मी ते नुसतं खाली ओढतो.
कोलंबोला हिशेबनिसांचे आठ.
सेबूला वादळांचे तीन,
पण वादळाचा भारांक दोनच टक्के.
वीज गेली तर चार.
माणूस गेला तर, त्याला गळती म्हणतात,
बारा.

मुंबईची ओळ मी शेवटी ठेवली,
ताटातल्या कारल्यासारखी.

गळती म्हणजे ग्लेंडा डिमेलो,
ओर्लेमहून चालत यायची,
हप्ता चुकल्याचं म्हाताऱ्यांना अशा आवाजात सांगायची
की ते तिला कुत्र्याचं दुखणं सांगत बसत.
गळती म्हणजे सुशांत वायंगणकर.
भर दुपारी बाजारात कुणी ‘स्टीव’ म्हटलं
तर त्याची मान आधी वळायची,
स्वतःच्या नावाला जरा वेळ लागायचा.
आणि एसीच्या तांब्याच्या नळ्या,
त्याही गळतात.
खाली जुनं डम्पिंग आहे,
त्याची वाफ वर येते, तांबं काळं पडतं.
त्याला निकष नाही.

काल रात्री वरून एक सहावी ओळ आली.
स्थळ: लागू नाही.
पगार: दहा. गळती: दहा. सुट्ट्या: दहा.
शिफ्ट, गाडी, जेवण: लागू नाही.
मी रकान्याची रुंदी तेवढी सारखी केली.

अडीच वाजता सेबूहून मारिसेल.
गेले सहा आठवडे मीच तिला शिकवतोय:
कुठलं गिऱ्हाईक आधी रडतं मग भरतं,
कुठलं भरतं आणि मग रडतं,
‘सॉरी’ किती सेकंदांनी म्हणायचं.
वीस वर्षांपूर्वी हेच मला शिकवायला
टोलेडोहून एक बाई आली होती, कोरीन.
शेवटच्या दिवशी तिने आम्हाला गोळ्यांचा डबा दिला
आणि जिन्यात जाऊन बराच वेळ नाक शिंकरलं.
आम्हाला वाटलं,
बाईला इथली धूळ सोसली नाही.

मारिसेल बोलत असताना तिच्यामागे
कोंबडा आरवला.
तिकडे पाच वाजले होते.
“शेजाऱ्याचा आहे,” ती घाईने म्हणाली, “नोंदवणार का?”
निकष नववा: पार्श्वआवाज. भारांक सहा.
दोन हजार सातमध्ये आमचा एक गुण गेला होता,
मालवणीतल्या कुणाच्या तरी हळदीच्या बँजोपायी.
अमेरिकेतल्या एका गृहस्थांना वाटलं होतं
की इथे दंगल सुरू आहे.
नंतर आम्ही खिडक्यांना दुहेरी काच लावली
आणि मग वर्षानुवर्षं
बाहेर काय चाललंय ते कळलंच नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,
हे तिला इंग्रजीत सांगून पाहिलं.
नीट जमलं नाही.
तिला वाटलं मी कोंबडा झाकायला सांगतोय.
“झाकते,” म्हणाली, “आईला सांगते.”
“नको, नको,” म्हटलं, आणि लिहिलं:
सेबू, पार्श्वआवाज, दहापैकी दहा.
नोकरीतली पहिली खोटी नोंद नव्हे ही,
पण पहिलीच, जी करताना बरं वाटलं.

मग उगाच विचारलं, त्याचं नाव काय?
ती हसली.
“नाव नाही ठेवत आम्ही.
नाव ठेवलं की कापता येत नाही.”

साडेपाचला शकूरचा मिस्ड कॉल.
म्हणजे गाडी खाली लागली.
मुंबईची ओळ अजून कोरी आहे.
‘गळती’च्या चौकोनात कर्सर
उघडझाप करतोय,
आणि मी ग्लेंडाचा नंबर शोधतोय,
तो लागतो का बघायला.