बांध

पूर्णा जंक्शनला लोकोशेडात फिटर होते वडील,
अख्ख्या गावात आमचं ज्यूंचं घर एकच.
मलिद्याच्या ताटापुढं ते जे म्हणायचे
ते एका परदेशी बाईनं टेपवर घेतलं,
मीटरगेज होती तेव्हा.
बाईचं नाव विसरले.
पोह्यांवरचं खोबरं ती वेचून खात होती, ते आठवतं.

ती टेप आता तिकडच्या कुठल्याशा विद्यापीठात आहे.
पडद्यावर वडलांचं नाव दिसतं, स्पेलिंग चुकलेलं.
अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
त्याखाली कुलूप.
तुमच्या प्रदेशासाठी उपलब्ध नाही.

शेजारचा मुदस्सिर म्हणाला, काकू, दोन मिनिटांचं काम.
आपण पूर्णेत नाहीच, असं त्याला सांगायचं.
मग कुठं आहोत?
हॉलंडात.

ठाण्याला रूबेनमामांना फोन लावला.
सिगूला, म्हणाले, शेजाऱ्याचा बांध कोरू नये
हे परभणी जिल्ह्यात जन्म काढलेल्या बाईला
मी सांगायचं?
आणि हॉलंडात आहोत म्हणणं, तीही चोरीच.
वस्तूची नाही, समोरच्याच्या समजुतीची.

मी म्हटलं, मामा, वाटेत कुणाचं गाढव सापडलं
तरी धन्याच्या दारी नेऊन बांधायचं,
हेही शास्त्रातच आहे ना?
आवाजाचा धनी कोण?

बराच वेळ फोनवर त्यांचा पंखा ऐकू येत राहिला.
यावर दोन मतं आहेत, म्हणाले.
बिन्यामिन असता तर त्यानं तिसरं काढलं असतं.

मी पत्र लिहिलं. पोचल्याचं उत्तर आलं.
त्याला आठ महिने झाले.

दरम्यान मुदस्सिरनं न विचारताच
काडीपेटीत घालून पेनड्राइव्ह आणून दिला.
शुक्रवारी दिवा लावायला काड्या शोधते
तेव्हा नेमकी तीच हाताला लागते,
हलवली की एकच काहीतरी वाजतं आत.

शब्बाथला बरं असतं,
यंत्राला हातच लावायचा नसतो.
एक दिवस तरी कायदा सोपा.
बाकीचे सहा दिवस
भाकरी थापताना ती चाल म्हणून बघते.
तिसऱ्या ओळीपर्यंत जाते.
पुढं वडील खोकायचे, श्वास घ्यायचे आणि वर चढायचे,
कुठं चढायचे ते येत नाही.

काकू, ऐकलं का? मुदस्सिर दारातून विचारतो.
आज शनिवार आहे बाळा.
तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतो, मंगळवार,
आणि बरं म्हणतो.