मदतीचा रकाना

ब्रेकनहून येणारी दाई म्हणाली,
गाभडलेल्या मेंढीत असतं काहीतरी,
वारेत, चिकात, ओल्या कोकराच्या अंगावर.
दिसत नाही. मेंढीचा गर्भ पाडतं,
तुझाही पाडेल.
उद्या पाऊस आहे म्हणावं, तशा आवाजात म्हणाली,
आणि माझ्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं:
शेड बंद.

तेव्हापासून मी वरच्या खिडकीत.
गेथिन बूट अंगणातच काढतो,
कपडे वेगळ्या बादलीत,
कोपरापर्यंत साबण, पुन्हा साबण,
आणि टेबलाच्या त्या बाजूला बसतो.
नऊ वर्षं एका पांघरुणात निजलेला माणूस
दारातून पाहुण्यासारखा विचारतो,
येऊ का?

बाळासाठी आणलेलं यंत्र
(ते रडलं की दुसऱ्या खोलीत कळावं म्हणून)
मीच शेडमध्ये टांगायला लावलं.
रात्री उशाशी असतं.
दोनशे चाळीस मेंढ्यांचं रवंथ,
पेंढ्याची कुरकुर, पत्र्यावरचा वारा,
मधेच गेथिनचं बेसूर गुणगुणणं,
मी ऐकतेय हे विसरून.
झोप लागते त्यात.

परवा पहाटे तीनला जाग आली.
ओरडणं नव्हतं. दात खाण्याचा आवाज.
अडलीय, मी म्हणाले. अंधाराला.
यंत्र एकाच बाजूनं बोलतं.

गेथिनचा हात म्हणजे फावडं.
आणि ही पहिलटकरीण, अरुंद.
माझा हात लहान आहे,
हातमोजे शाळेतल्या पोरांचे लागतात मला,
या खोऱ्यात कुठंही मेंढी अडली
की फोन मला यायचा.
या वर्षी शेजारची मारेद येते, पंधराची,
निळं नेलपॉलिश खरवडून काढलेली.

फोन स्पीकरवर.
डोळे मीट, मारेद. काय लागतंय?
पाय. एक. नाही, दोन.
सांधे चाचप. दोन्ही एकीकडेच वाकतात?
उलटसुलट.
मग मागचे आहेत. पायाळू आहे.
वळवू नकोस. तसंच येऊ दे.
कळ आली की ओढ, तिच्या टाचांकडे, खाली,
कळ थांबली की तूही थांब.
पण कुल्ले बाहेर आले, की मग थांबायचं नाही,
नाळ दबते, आणि ते आतच श्वास घ्यायला जातं.
कळलं?
हो.
रडतेयस?
नाही.

बोलता बोलता माझा उजवा हात
पांघरुणाबाहेर, हवेत,
बोटं मिटून निमुळता झालेला.
मी त्याला खाली घेतलं नाही.
आणि त्याच वेळी ओटीपोटात, अगदी खाली,
एक टाच बसली.
माझंही अजून डोकं वर करून बसलंय.
वेळ आहे, वळेल, दाई म्हणाली होती.
तेही हवामानाच्याच आवाजात.

मग फोनमधून काहीच नाही.
उशाशीही काही नाही.
मेंढ्यासुद्धा चघळायच्या थांबल्यासारख्या.
पेंढ्यानं अंग खसाखसा चोळल्याचा आवाज,
थांबला,
पुन्हा चोळल्याचा.
गेथिन म्हणाला, मारेद, राहू दे आता.
ती म्हणाली, नाही.
आणि कुणीतरी शिंकलं.
इतकं बारीक,
की मेंढीही क्षणभर वळून पाहत असेल.

सकाळी मारेद अंगणात आली, कोकरू कवेत,
खिडकीखाली पोचली, काच उघडणार मी,
तेवढ्यात तिलाच आठवलं
आणि ती चार पावलं मागं सरली.
तिथून ओरडून विचारलं, दिसतंय का?
कान दिसला. काळा.

नोंदवही मात्र माझ्याकडे आहे,
वहीला कुणाची मनाई नाही.
मेंढी एकशे सत्त्याऐंशी. नर. पायाळू. जिवंत.
शेवटचा रकाना मदतीचा.
मागची पानं उलटून पाहिली:
हेलेद, हेलेद, हेलेद, एकदा पशुवैद्य, हेलेद.
लिहिलं, मारेद.
अक्षर जरा जास्तच दाबून आलं,
खालच्या पानावर उमटलं.

पुढची ओळ रिकामी.
यंत्रातून कुणीतरी खोकलं.