मधला डबा

डोमाजी बुराड्यांचा फोन रात्री साडेआठला.
"केवळराम, चित्र दिसते, गाणं वाजते,
पण मानसं बोलतच नाई गा. नुसते तोंडं हालवते."
मागून सगुणाबाई:
"कान गेले यायचे. राईस मिलनं खाल्ले.
येऊ नको बापा, रस्त्यानं धानाचे ढीग हाये,
अंधारात गाडी चढन."

गेलो.
मोटार रिवायंडिंगवाल्याला आरमोरीत लोक काय काय दाखवतात,
मिक्सर, बोअरचा पंप, एकदा एका मास्तरांचं श्रवणयंत्र.
हा रिसीव्हर पोरानं हैदराबादहून आणून ठेवलेला,
काळा, रुंद, दहा किलो तांदळाएवढा जड,
पाठीमागं इतकी भोकं की उंदीर गोंधळावा.

व्होल्टेज एकशे ऐंशी. स्टॅबिलायझर कुरकुरतोय, पण धरून आहे.
सेटटॉप बॉक्सची केबल आपल्या भोकात.
टीव्हीकडं जाणारी 'आउट'मध्येच.
काढली, फुंकली, परत बसवली.
फुंकरीनं काही होत नाही, घरच्यांना धीर येतो.
इनपुट बदलून पाहिलं: पडदा निळा, मग काळा,
मग पुन्हा तीच बाई रडताना,
व्हायोलिनं चोहीकडून, बाई मुकी.

तेव्हा टेस्ट टोन लावला.
तो म्हणजे काही नाही, नुसतं शऽऽऽ,
एका स्पीकरातून दुसऱ्यात फिरणारं.
डोमाजींनी डोळे मिटले.
"कोंडा पडून राह्यला," म्हणाले.
बत्तीस वर्षं हलरपाशी उभा राहिलेला माणूस.
हात डावीकडं गेला: इथं कोंडा.
मग मधे आला आणि हवेतच थांबला.
"इथला पट्टा उतरला."
मग उजवीकडं. मग खांद्यावरून मागं अंगठा, इथं, अन् इथं.

मधला डबा.
गाणी बाजूनं येतात, पाऊस मागून, माणसं मधून.
डबा जागेवर होता, वर क्रोशाचा रुमाल.
मेनूत त्याच्यापुढं 'आहे' असंच लिहिलेलं.
'नाही' लिहिलं असतं तर बाजूच्यांनी बोलणं वाटून घेतलं असतं.
रिसीव्हर बिचारा इमानदारीनं
सगळ्यांचं सगळं म्हणणं तिकडं पाठवत होता
जिथं वायर वीतभर निघून
विळ्यानं कापल्यासारखी संपत होती.

"ते काचेवानी वायर होय?" सगुणाबाई म्हणाल्या.
"पोपटाच्या वेलाले बांधली. मजबूत होती."
"कधी?"
"पोळ्याच्या आधी."

बॅटरी घेऊन परसात गेलो.
वेल मांडवभर, तांब्याच्या गाठीपाशी शेंगा लागलेल्या.
घरापासून बारा पावलांवर त्या हळू आवाजात म्हणाल्या,
"डबा बोलत नाई तवापासून ते मले इचारते.
का म्हणला, का म्हणली.
मी सांगतो."
"तुम्हाला ऐकू येतं?"
"मले कुठं? मनानं सांगतो."

पक्कड खिशात घातली.
वेल तसाच राहू दिला.
दुकानातली नवी वायर डिक्कीत होती, साडेतीन मीटर.
साल काढली, तारा पिळल्या.
एक केस इकडचा तिकडं टेकला तर मशीन स्वतःलाच कुलूप लावतं,
म्हणून दोनदा पाहिलं. लालला लाल. काळ्याला काळी.
मधला डबा दोन अंकांनी चढवला.

बाई बोलली. मधोमध, स्पष्ट:
"मी आता परत येणार नाही."
डोमाजींनी मान डोलावली, शंभर पुढं केले,
मी सत्तर घेतले.
सगुणाबाई आत गेल्या होत्या.

दारात अंधारात चपला चाचपत होतो.
मागून डोमाजी:
"का म्हणली वो थे?"

आत भांडं घासायचं थांबलं.

"म्हणते, गाडी भेटली नाई.
उद्या येतो."